सुनावणी

डुलुथला दहाची वेळ, म्हणून सहालाच
मी गाडी तापत ठेवली. उणे सत्तावीस.
लायल नवा शर्ट घालून पायरीवर,
दुकानातल्या घड्या तशाच अंगावर.
"रातकिडे आज जोरात आहेत," म्हणाला.
जानेवारीत एव्हलेथला किडा कुठला,
पण त्याच्या डाव्या कानातले
सत्तर सालापासून एक रात्र झोपलेले नाहीत.

सुनावणी म्हणतात तिला.
पत्र आलं तेव्हा मी एकटीच हसले होते स्वयंपाकघरात.
तिसरा मजला, निळी सतरंजी,
आणि न्यायाधीशबाई दूर वॉशिंग्टनला, पडद्यावर.
ओठ आणि शब्द यांच्यात अर्ध्या सेकंदाची फट.
लायल जन्मभर ओठ वाचत आला.
त्या फटीत तो पडला.

मग फायलीतला तो कागद पुन्हा निघाला.
एकाहत्तर साल, फौजेतून सुटतानाची तपासणी.
श्रवण : पंधरापैकी पंधरा.
पंधरा फुटांवरून डॉक्टर कुजबुजला
आणि याने आकडा बरोबर सांगितला.
खाली सही. त्याचीच,
एकवीस वर्षांची, शेपूट काढलेली.

"सहासष्ट," लायल म्हणाला.
बाईंनी विचारलं होतं दुसरंच काहीतरी.
"रांगेत माझ्यापुढे चाळीस पोरं होती, मॅडम.
सगळी सहासष्टच म्हणत होती.
माझ्यापुढचा तर ओरडून म्हणाला,
तोही तोफेवरचाच.
माझी पाळी आली. डॉक्टरचे ओठ हलले.
बाहेर बस उभी होती.
ऐकू नाही आलं म्हणालो असतो
तर ठेवून घेतलं असतं आणखी तीन दिवस."

तीन दिवस.
आमच्या अपिलाला अकरावं वर्ष लागलंय.

रोस्को टिलरीचं पत्र मी वाचून दाखवलं,
अलाबामाहून आलेलं, वहीच्या पानावर :
एकशे पाचची तोफ, काही रात्री तीनशे गोळे.
कानात घालायला सिगारेटचे फिल्टर तोडायचो.
लायल ओढत नसे, म्हणून माझे द्यायचो,
ओले असायचे, तोंड वाकडं करायचा.
एवढंच. खाली शपथ आणि तारीख.
रोस्को मार्चमध्ये गेला.
पत्र मुदतीत पोचलं होतं.

सरकारी तज्ज्ञ म्हणतो, खाण.
सव्वीस वर्षं लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवला, त्याचा आवाज.
त्याने लायलला कधी पाहिलेलं नाही.
कागद पाहिला. पंधरापैकी पंधरा.

आमची वकील पोर आहे, नखं खाते,
पण नियम तिनेच मला समजावला :
सिद्ध नाही झालं तरी चालतं, मिसेस टॉर्व्हिक,
असण्याची शक्यता नसण्याइतकी भरली,
काटा मधोमध थांबला,
की कौल आपला.
मला नवल नाही वाटलं.
त्याने ऐकलं असेल, किंवा नसेल,
याच काट्यावर मी त्रेपन्न वर्षं संसार केलाय.
मुलगी पहिल्यांदा बाबा म्हणाली
तेव्हा तो पाठमोरा बसून बूट बांधत होता.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मी विचारलं नाही.

"आणखी काही सांगायचंय?"
मी त्याच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हटलं.
तो बराच वेळ पडद्याखालच्या लाल दिव्याकडे बघत राहिला.
"सही माझीच आहे," म्हणाला. "ते खरं आहे."
पोरीने नख तोंडातून काढलं.

निकाल टपालाने येईल. नव्वद दिवस,
कदाचित जास्त.

परतीच्या रस्त्यावर लाकडाचे ट्रक, दोन्ही बाजूंना पांढरं.
मी नजर समोर ठेवून
ओठ फारसे न हलवता म्हटलं,
सहासष्ट.

तो काचेवरचं बर्फ नखाने खरवडत होता.
दोन मैलांनी म्हणाला,
"हीटर वाढव जरा."